तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला ५जी फोन आणि पुढची पाच वर्षं

"नव्या नेटवर्कचा फोन आत्ताच घेऊन ठेवला की पुढची पाच वर्षं बघायला नको, हो ना?" फोन घेण्याआधी मला विचारायचं, ही घरात आणि ऑफिसात रीतच पडली आहे, त्यामुळे हा प्रश्न कितीदा आला याची मोजदाद नाही. मी "अवलंबून आहे" म्हणते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. "हो की नाही, तेवढं सांग." तेवढंच सांगता येत नाही. आता ६जीच्या बातम्या सुरू झाल्यापासून तोच प्रश्न पुन्हा येतोय, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

एके काळी मी बेधडक "हो" म्हणत होते. २०२० साली तर फारच. माझा हिशोब सरळ होता: नेटवर्क आज नाही, उद्या येणारच. ४जी फोन घेतला तर उद्या तो बदलावा लागेल, ५जी घेतला तर नाही. याच हिशोबाने मी आईला फोन घ्यायला लावला. तिला साधा, हलका फोन हवा होता. मी म्हटलं, "थोडे जास्त गेले तरी चालतील, एकदाच घे." तिने घेतला.

तो हिशोब अडाणीपणाचा होता असं मला आजही वाटत नाही. त्यात एक गृहीतक चुकीचं होतं. ५जी ही एकदा तयार झालेली, संपूर्ण अशी एक वस्तू आहे असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ३जीपीपी ही मानकं ठरवणारी संस्था ते टप्प्याटप्प्याने बाहेर काढत होती. डिसेंबर २०१७ मध्ये ४जीच्या आधाराने चालणाऱ्या नॉन-स्टँडअलोन ५जीचं मानक आलं, स्वतंत्रपणे चालणाऱ्या स्टँडअलोनचं जून २०१८ मध्ये. रिलीज १६ ही मानकाची पुढची आवृत्ती पुरी व्हायला २०२० चा जुलै उजाडला. फोन मात्र २०१९ पासूनच विकायला होते. त्यातल्या बऱ्याच फोनांत क्वालकॉमचा एक्स५० मोडेम, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणारी चिप, होता. तो नुसत्या ५जीचा, म्हणून ४जीसाठी दुसरा मोडेम सोबत चालवावा लागे, आणि स्टँडअलोन त्याला जमतच नसे. अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने जून २०१९ मध्ये मिलिमीटर वेव्हवर, म्हणजे वेगवान पण जवळपुरत्याच पोचणाऱ्या लहरींवर, ५जी सुरू केलं, त्यावर चालायला गॅलॅक्सी एस१० ५जी होता. त्याच डिसेंबरात त्यांनी ६०० मेगाहर्ट्झवरचं, दूरवर पोचणारं ५जी सुरू केलं. ते एस१०ला पकडताच येत नव्हतं. ज्यांनी सहा महिने आधी घाई केली, त्यांच्या हातात ५जी फोन होता, डोक्यावर ५जी नेटवर्क होतं, आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं का? हो. बातम्या होत्या. मी मोडेमचं नाव वाचलं, एक्स५० नाही याची खात्री केली आणि तिथेच थांबले. बँडची, म्हणजे फोन कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी पकडतो त्याची, यादी वाचली नाही. आईच्या फोनमध्ये ५जीचे दोनच बँड होते.

तिच्या भागात नेटवर्क यायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. मग फोनसाठी अपडेट आलं आणि पडद्यावर ५जी हे चिन्ह उमटलं. आईने त्याचा फोटो काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग फोन करून सांगितलं. मला इतका आनंद झाला होता की मी तो दिवसभर मिरवला.

तीन आठवड्यांनी ती रात्र आली. आई दुसऱ्या गावी एकटी राहते. रोज आठ वाजता आमचं बोलणं होतं. त्या दिवशी फोन स्विच ऑफ. साडेआठला स्विच ऑफ, नऊला, दहाला. शेजारच्या काकूंचा नंबर आईच्या फोनमध्ये होता, माझ्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत तो मागून घ्यावा असं मला सुचलं नव्हतं. साडेदहाला मी निघाले. रस्ताभर दर पाच मिनिटांनी नंबर लावत होते आणि तीच बाई तेच वाक्य बोलत होती. आईच्या घरातल्या एकेका जागी मी मनात तिला पडलेली पाहिली: न्हाणीघरात, जिन्यात, गॅसजवळ. पहाटे साडेतीनला बेल वाजवली तर तिने दार उघडलं, डोळे चोळत. "अगं, काय झालं?" असं तिनेच मला विचारलं.

झालं एवढंच होतं की दुपारी ती मैत्रिणीला भेटायला दवाखान्यात गेली होती. संध्याकाळपर्यंत बॅटरी संपली. घरी येऊन तिने फोन चार्जरला लावला. पडद्यावर बॅटरीचा आकडा दिसला, म्हणून तिला वाटलं फोन चालू झाला. तो चालू करायला बटण दाबून धरावं लागतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा फोन आला नाही म्हणून ती थोडी खट्टू झाली आणि मी कामात असेन असं समजून झोपली.

सकाळी मी बॅटरीचा वापर उघडून पाहिला. सगळ्यात वर मोबाइल नेटवर्क. आईचं घर ५जीच्या अगदी कडेला आहे. नॉन-स्टँडअलोनमध्ये फोन ४जीचा धागा धरून ठेवतो आणि ५जीचा वर जोडतो. कडेला तो जोडला जातो, तुटतो, पुन्हा जोडला जातो. बॅटरीही अडीच वर्षांची झाली होती, तेव्हा सगळा दोष ५जीवर ढकलणं बरोबर नाही. पण मी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ४जीवर आणलं आणि त्या दिवसापासून तीच जुनी बॅटरी रात्री झोपेपर्यंत पुरायला लागली. ज्या एका गोष्टीसाठी तिला तो फोन घ्यायला लावला होता, ती मीच बंद केली. मी माफी मागितली तेव्हा आई म्हणाली, "तुझं काय चुकलं? तू सांगितलंस म्हणून घेतला, नाहीतर मला कुठे कळतं यातलं." ती मला धीर देत होती. मला ते अजूनही सोसत नाही.

पुढे वर्षभरात कंपनीने सुरक्षा अपडेट थांबवले. फोनचं ५जी पाच वर्षं टिकेल की नाही यावर मी तासन्‌तास बोलले होते, पण सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार हे विचारलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग थांबावं. तेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. माझ्या भावाने त्याच वर्षी, माझ्याच सांगण्यावरून, जास्त बँडचा ५जी फोन घेतला. तो आजही उत्तम चालतो, स्टँडअलोनवरसुद्धा. तो म्हणतो, तू बरोबर होतीस. आईचा फोन समोर असताना मला ते पटत नाही, आणि त्याचा फोन समोर असताना नाकारता येत नाही.

मागच्या पिढ्यांकडे पाहूनही कौल मिळत नाही. २०१० मधला एचटीसी इव्हो ४जी हा फोन वायमॅक्स या तंत्रावर होता. जग एलटीईकडे, म्हणजे आपण आज ज्याला ४जी म्हणतो त्याकडे, गेलं आणि अमेरिकेतल्या स्प्रिंट कंपनीने आपलं वायमॅक्स नेटवर्क २०१६ पर्यंत बंद केलं. २०१२ चा आयफोन ५ एलटीईवर नेट चालवत होता, पण एलटीईवर बोलता येत नव्हतं. कॉल जुन्या नेटवर्कवर उतरायचा. व्होएलटीई, म्हणजे एलटीईवरूनच कॉल, आयफोन ६ पासून आलं. जिथे जिथे जुनी नेटवर्कं बंद झाली, तिथे ४जी लिहिलेले असे फोन कॉलपुरते मुके झाले. आणि तरीही त्याच काळात एलटीई घेऊन वर्षानुवर्षं सुखाने वापरणारी माणसं मी पाहिली आहेत.

६जीचं तर आत्ता कुठे सुरू होतंय. आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने आयएमटी-२०३० चा, म्हणजे ६जीचा, आराखडा २०२३ मध्ये मंजूर केला, त्या नावातलं वर्षच काय ते सांगतं. त्यासाठी आजचा फोन अडवून धरू नका, एवढं मी नक्की म्हणेन. बाकी मला विचाराल तर मी उलट विचारेन: तुमची कंपनी कोणत्या बँडवर आहे, फोनमध्ये ते आहेत का, स्टँडअलोन आज चालतं की "अपडेटनंतर चालेल", अपडेट किती वर्षं, बॅटरी बदलून मिळते का. अपडेटनंतर चालेल असं उत्तर आलं तर ते नाही असं धरा. या एका बाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही.

गेल्या आठवड्यात आईच्या फोनची बॅटरी फुगली. "या वेळी कोणता घेऊ?" तिने विचारलं. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. रविवारी जाणार आहे. तिच्या स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत कोणता बँड पोचतो ते आधी माझ्या फोनवर पाहीन. शेजारच्या काकूंचा नंबर आता माझ्याकडे आहे.