पुडीवरची तारीख बघूनच घ्या

कळमेश्वरकडे आमचं वावर. यंदा पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, तुडतुड्यांना आणि पांढऱ्या माशीला निंबोळी अर्क आणि लेकॅनिसिलियम ही किडीच्या अंगात शिरून तिला मारणारी मित्रबुरशी, दोन्ही द्यायचं ठरवलं होतं. अर्क घरचाच. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, साबणाचं पाणी घालून शंभर लिटर करायचा, त्याच दिवशी फवारायचा. झालं.

अडलं ते बुरशीवर. नागपुरातल्या एका विक्री केंद्रावर पुडी मागितली. उत्पादनाची तारीख पुसट, मुदतीची जागा कोरीच. दुसरी दाखवा म्हटलं तर "सगळे हीच नेतात." साहेब जेवायला गेलेले, मग मीटिंगला, मग उद्या या. उद्या गेलो तर वेगळाच माणूस बसलेला, त्याला सगळं पहिल्यापासून सांगा. आणि माल कुठे ठेवलेला? पत्र्याच्या शेडमध्ये! अहो, हे जिवंत औषध आहे. लेबलवर ग्रॅमला १० कोटी बीजकणं लिहिलेली असतात, ती उष्णतेत मरतात. मेलेली पावडर फवारून शेतकऱ्यानं मजुरी का घालवायची? मी हटलो नाही. शेवटी आतल्या थंड खोलीतून ताजी पुडी निघाली. म्हणजे होतीच की! याचा राग अजून जात नाही.

तिथेच "दोन्ही एकाच पंपात टाका" असा सल्लाही मिळाला. तसं करू नका. कडुनिंबाचं प्रमाण जास्त झालं तर बीजकणं नीट रुजत नाहीत. मी आधी अर्क मारला, चार-पाच दिवसांनी बुरशी, लिटरला पाच ग्रॅम. कडुनिंबातल्या ॲझाडिरॅक्टिन या घटकामुळे किडीच्या पिल्लांचं कात टाकणं लांबतं. एरवी अंगावर बसलेली बीजकणं कातीबरोबर गळून जातात; कात टाकणं लांबलं की बुरशीला आत शिरायला वेळ मिळतो. या जोडीचा खरा फायदा हाच.

फवारणी संध्याकाळीच, हवेत ओल असताना, पानांच्या खालून. उन्हात बीजकणं टिकत नाहीत. दुसऱ्या दिवशी किडे मेलेले शोधू नका, आठवडाभर थांबा. मला नंतर पानामागे पांढरी लव चढलेली पिल्लं दिसली, भिंगातून तर अगदी कापसाच्या बोंडासारखी. फार आनंद झाला.

आणि हो, तांब्याचं किंवा दुसरं कुठलंही बुरशीनाशक मारलेला पंप असेल तर आधी चांगला धुऊन घ्या.