फ्रिजवरची शाकॅरी

'माझा आदर्श' यावर शाळेत एक पान लिहून न्यायचं होतं. आमच्या अकरा वर्षांच्या पोरानं निवडली अमेरिकेची धावपटू शाकॅरी रिचर्डसन. मी म्हटलं, "अरे, गांजापायी ऑलिंपिक घालवलं तिनं. दुसरं कुणी मिळालं नाही?"

"आई, तिची आई गेली होती तेव्हा."

त्याला सगळं पाठ. 2021 ला ऑरेगनमधल्या निवड चाचणीत शंभर मीटर 10.86 सेकंदांत जिंकली, मग नमुन्यात गांजा सापडला, महिन्याची बंदी आणि टोकियो हुकलं. ज्या राज्यात ओढला तिथं तो कायदेशीर, ही आणखी गंमत. 2023 ला बुडापेस्टमध्ये 10.65, विश्वविजेती.

इथं अमेरिकेत, डेन्व्हरमध्ये 2014 पासून गांजाची दुकानं राजरोस आहेत. इतकी वर्षं राहूनही सिग्नलला शेजारच्या गाडीतून तो वास आला की माझा हात आपोआप काचेच्या बटणावर जातो. पोरगं मागून हसतं. हसू दे. आणि हीच मी उन्हाळ्यात त्याला बेसबॉलला नेते, कूर्स फील्डवर. मैदानालाच बियरचं नाव! पुढच्या रांगेत एका हातात ग्लास, मांडीवर लेकरू घेतलेला बाप असतो. त्या वासाचं मला काही वाटत नाही.

जलतरणपटू मायकेल फेल्प्सचं बघा. 2004 ला दारू पिऊन गाडी चालवताना सापडला. दीड वर्ष प्रोबेशन, पण पुढं जाहिराती मिळतच राहिल्या. 2009 ला गांजाच्या नळीसोबत नुसता फोटो छापून आला, तर तीन महिने निलंबन, आणि केलॉग्जनं करार वाढवला नाही. जीव कुणाचा जाऊ शकला असता? गाडीखाली आलेल्याचा. वाडानं, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेनं, तर 2018 ला दारू बंदीच्या यादीतून काढूनच टाकली. गांजा स्पर्धेच्या काळापुरता अजून आहे.

"आपल्याकडे सचिननं दारूची जाहिरात कधी केली नाही," मी ऐटीत सांगितलं.

"आणि बाबांची आरसीबी? ते नाव व्हिस्कीचंच ना?"

बाबा लगेच भांडी घासायला उठले.

आमच्या सोलापूरला कुणी दारू पीत नाही. काका फक्त 'बसायला' जायचे, हायवेच्या ढाब्यावर, आणि बडीशेप चघळत परत यायचे. होळीची भांग तर प्रसादच. आणि तंबाखू? माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, पुढ्यात तेंदूची पानं, हजारावर मजुरी. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्यातूनच गेली. तिला कुणी वाईट उदाहरण म्हणून बघावंच, मग मी आहे.

हे पोराला सांगितलं नाही. ते कष्ट होते, वेगळी गोष्ट.

शेवटी शाकॅरीच गेली शाळेत. परत आली ती फ्रिजवर चिकटली, लांबलचक रंगीत नखांसकट. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. तिनं चष्मा पुसून नीट बघितलं.

"पोरगी गोड हाय. पन एवढ्या नखांनी विडी कशी वळंल गं?"