देवघेवीच्या खिडकीला मेनू बसवताना

आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी देवघेवीचं एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. संगणक जुना, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि ग्नोम डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंची मांडणी. कोड पायथनमध्ये, खिडक्या आणि बटणांसाठी जीटीके ४ आणि लिबअद्वैता ही तयार कोडची साधनं. (हे नाव आपल्या 'अद्वैत'वरूनच आलंय, त्याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.) पुस्तकांच्या नोंदींचं काम पंधरा दिवसांत उरकलं. मेनू आणि बटणं जागेवर बसायला मात्र चार महिने गेले.

पहिल्या आवृत्तीत खिडकी अगदी मोकळी ठेवली होती. ग्नोममध्ये २०१३ पासून शीर्षकाची पट्टी आणि टूलबार एकत्र करून एकच हेडरबार करायची पद्धत आहे. ती मला आवडायची, अजूनही आवडते. त्या पट्टीत वाचनालयाचं नाव, उजवीकडे तीन आडव्या रेघांचं बटण, आणि त्या रेघांच्या आत १४ कामं. ग्रंथपाल काकूंनी आधी कित्येक वर्षं वर फाइल, एडिट असा मेनूबार असलेला प्रोग्रॅम वापरला होता. त्यांनी पडदा नीट न्याहाळला आणि विचारलं, "अगं, बाकीचं सगळं कुठे गेलं?"

खरी गडबड दुसऱ्या दिवशी झाली. नव्या सभासदाचा अर्ज अर्धा भरून झाला होता, तेवढ्यात काकूंना कॅलेंडर बघायचं होतं. ग्नोमच्या खिडकीला मुळात एकच बटण असतं, बंद करायचं. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा खाली टास्कबारच ठेवला नाही, त्यामुळे लहान केलेली खिडकी जाऊन बसणार कुठे, म्हणून लहान करायचं बटणही काढलं. त्यामागचा विचार मला पटतो. पण काकूंचा हात सवयीने उजव्या कोपऱ्यात गेला, तिथे फुलीच होती, आणि अर्ज गेला. "मी नुसतं बाजूला सारायला गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला झोप लागली नाही.

दोन गोष्टी केल्या. त्या संगणकाच्या सेटिंगमध्ये लहान-मोठं करायची बटणं परत आणली. आणि खिडकी बंद होण्याआधी जीटीके जो इशारा देतं तो अडवून, अर्धवट मजकूर असेल तर 'जतन करा' असं विचारणारी चौकट घातली. दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी असायला हवी होती. सेटिंग एका संगणकापुरतं असतं, लोकांनी भरलेला मजकूर सांभाळणं हे प्रोग्रॅमचं काम आहे.

मग मी तीन संध्याकाळी काउंटरमागे स्टूल टाकून बसले. एक आजोबा आले, पुस्तक पुढे सरकवलं. काकूंनी शेवटचं पान उघडून दाखल क्रमांक वाचला, पुस्तक जमा केलं. तोवर आजोबा दुसरं पुस्तक घेऊन उभे. पुन्हा तीन रेघा, पुन्हा मेनू, पुन्हा तोच सभासद क्रमांक. मी 'पुस्तक द्या' आणि 'पुस्तक परत घ्या' अशी दोन वेगळी कामं केली होती. पण आपल्याकडे कुणी पुस्तक परत करायला जात नाही, पुस्तक *बदलायला* जातात! लहानपणापासून मी हाच शब्द बोलत आलेय आणि मेनू लिहिताना तो सुचला नाही. आता हेडरबारमध्ये डावीकडे एकच ठळक बटण आहे, 'बदलून द्या'. सभासद क्रमांक एकदाच, खाली दोन रकाने: आलेलं पुस्तक, नेलेलं पुस्तक. एक रकाना रिकामा राहिला तरी चालतं.

चुकीचा क्रमांक पडला तर? प्रत्येक वेळी 'नक्की का?' विचारलं तर माणूस न वाचताच 'हो' दाबायला लागतो. म्हणून काम लगेच होतं आणि खाली 'पूर्ववत करा' असं बटण असलेली पट्टी येते. ही पट्टी एरवी ५ सेकंदांत निघून जाते. तेवढ्यात काकूंचा चष्मादेखील नाकावर येत नाही. मुदत शून्य दिली की हाताने घालवेपर्यंत ती राहते, तसंच ठेवलंय.

माउसऐवजी कळफलकावरून बटण दाबता यावं म्हणून ऑल्टसोबत दाबायच्या अक्षरांवर मी बराच वेळ घालवला. 'बदलून'साठी ब ठेवला. काकू इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर टंकतात, तिथे ब हा वायच्या कळीवर. संध्याकाळी मदतीला येणारी मुलगी फोनेटिकवाली, म्हणजे इंग्रजी उच्चारावरून टंकणारी, तिचा ब बीवर. एका अक्षरासाठी दोघींना दोन कळा. प्रोग्रॅमच्या मेनूंच्या जुन्या मराठी भाषांतरांत शब्दापुढे कंसात इंग्रजी अक्षर का असायचं ते तेव्हा कळलं. मी अक्षरं सोडली आणि एफ २, एफ ३ अशा कळा दिल्या. तीन रेघांचा मेनू एफ १० वर उघडतो, ती ग्नोमची रीतच आहे.

त्या मेनूत आता पाचच कामं उरलीत. वर्षअखेरची यादी, वर्गणीचे दर, असली क्वचित लागणारी. सभासद निवडलेला नसेल तेव्हा 'अनामत परत' फिकं दिसतं, पण जागा सोडत नाही. मध्यंतरी मी ते लपवत होते, तर काकू रोज ते शोधायच्या.

बालविभागाचं कार्ड अजून राहिलंय. तिथे मुलं एका वेळी तीन-तीन पुस्तकं बदलतात आणि माझे रकाने दोनच आहेत. शनिवारी पुन्हा स्टूल घेऊन बसणार आहे.