कारणाची ओळ

रविवार, रात्र

पाकिटावर कारण लिहायचं राहिलं. झालं ते एवढंच. पण दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपकारस्तुतीची (देवाचे आभार मानून द्यायच्या दानाची) पाकिटं दाराजवळच्या टेबलावर असतात. नाव, रक्कम, कारण. सेक्रेटरी सूचनांबरोबर तीही वाचून दाखवतात. नातू पास झाला, 200 रुपये. ऑपरेशन नीट पार पडलं, 500. आज माझ्या पाकिटाशी थबकले, उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "उपकारस्तुती 100 रुपये. कारण... दिलेलं नाही." खसखस पिकली. भक्ती सुटल्यावर तिघींनी हात धरून विचारलं, "काय गं, गोड बातमी?" या वयात! एकीला वाटलं धाकट्याचं जमलं. (जमलं असतं तर 100 वर भागवलं असतं का मी?)

कारण सापडलं नाही म्हणून लिहिलं नाही, हे कुणाला सांगणार? आई असती तर... जाऊ दे.

या वर्षी काय काय गेलं त्याची यादी मला तोंडपाठ आहे. मिळालं ते आठवायला मात्र पेन घेऊन बसावं लागतं. रविवारच्या शाळेत बायबलमधलं दावीद राजाचं 103 वं स्तोत्र घोकलं होतं, "त्याचे सर्व उपकार विसरू नको." तेव्हा वाटायचं, विसरेल कोण? आज लक्षात आलं, दावीद हे लोकांना सांगत नाहीये, स्वतःच्या जिवाला बजावतोय. म्हणजे त्याचाही जीव आढेवेढे घेत असणार.

मार्चपासून मी प्रेषित पौलाच्या एका विभक्तीवर दिवस काढले. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला तो पत्रात लिहितो, सर्व स्थितींत उपकारस्तुती करा. स्थितींत! स्थितींबद्दल नव्हे. म्हणजे आजाराबद्दल नाही, आजारात. रिकाम्या खोलीबद्दल नाही, खोलीत. सप्तमीने मला मोठाच आधार दिला होता. आणि आज दुपारी नेमकं त्याचंच इफिसकरांना लिहिलेलं पत्र उघडलं. 5:20. सर्व गोष्टींबद्दल, सर्वदा. पळवाट बंद. बरं, लिहिणारा स्वतः बेड्यांत. त्याच्यापुढे रडगाणं तरी काय गायचं?

येशूने बऱ्या केलेल्या त्या दहा कुष्ठरोग्यांवर मी आजवर किती प्रवचनं ऐकली असतील. एकच आभार मानायला परत आला, तोही शमरोनी, म्हणजे परका, आणि बाकीच्या नऊ जणांना दर वेळी बोलणी. मला त्यांचा कळवळा येतो. येशूनेच सांगितलं होतं ना, जा आणि याजकांना दाखवा? ते निघाले होते. सांगितलेलं काम करत होते. "नऊ जण कुठे आहेत?" हा प्रश्न टोचणारा आहे खरा, पण एक गोष्ट कुणी पाळक सांगत नाहीत. त्या नऊ जणांचा रोग काही परत आला असं ही गोष्ट सांगणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. त्यांचं बरं होणं कुणी काढून घेतलं नाही. आज या एवढ्यावरच माझी मदार आहे.

खरं तर कारण लिहायला वेळही नव्हता. शेजारी मावशी होत्या, चष्मा घरी विसरलेल्या. त्यांचं पाकीट मीच भरलं. 10 रुपये, कारण: "नळाला पाणी आले." चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं. तेवढ्यात प्रार्थना सुरू झाली आणि माझं राहिलं. असं मी सगळ्यांना सांगितलं. दोन मिनिटं होती माझ्याकडे. मी त्या रेघेकडे बघत बसले होते.

संध्याकाळी मावशींचा फोन. "अगं, आज परत आलं पाणी. पुढच्या रविवारी आणखी 10 लिहायचेत."

म्हटलं, "मावशी, पाणी काय, येतंच की."

"तुमच्याकडे येत असेल रोज. आमच्याकडे दिवसाआड, तेही आलं तर." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तुझ्याही पाकिटावर काहीतरी लिहीत जा बाई. शेजारी बसतेस, तर लोक मलाच विचारतात."