तुम्ही विचारलंत म्हणून: दोन टबांचे ते मशीन अजून का?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण हात धुवायला आत जातो आणि बाहेर येताना तोच प्रश्न घेऊन येतो: एका बटनावर सगळे उरकणारी मशीन्स असताना तुम्ही हे जुने, चाकांवरचे, दोन टबांचे कपडे धुण्याचे मशीन आणि त्याच्या जोडीचा तो छोटा ड्रायर अजून का वापरता? आजवर मी ‘सवय झाली आहे’ असे सांगून विषय बदलत आले. ते उत्तर खरे नव्हते. सवय कशाचीही होते. केवळ सवयीपोटी कुणी एका रबरी सीलसाठी महिनोन्महिने शोधाशोध करत नाही.

पुष्कळ जण मशीनच्या दुसऱ्या टबाला, म्हणजे स्पिनरलाच, ड्रायर म्हणतात आणि तिथूनच माझी चिडचिड सुरू होते. स्पिनर कपडे वाळवत नाही, पिळतो. दहा सेंटीमीटर त्रिज्येची टोपली मिनिटाला 1400 फेरे घेऊ लागली की कडेच्या कापडावर गुरुत्वाकर्षणाच्या 200 पटींहून अधिक जोर येतो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. त्यात उष्णतेचा काहीच भाग नसतो. ड्रायरला मात्र उरलेल्या पाण्याची वाफ करावी लागते, आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.65 युनिट विजेइतकी उष्णता लागतेच, मशीन कितीही नवे असो. म्हणून मेटॅग या अमेरिकन कंपनीच्या पोर्टा-वॉशर आणि पोर्टा-ड्रायरसारख्या जोड्या मला विचारपूर्वक केलेल्या वाटतात. लहान ड्रायर साध्या प्लगवर चालावा म्हणून त्याचा हीटर बेताचाच ठेवलेला असतो, आणि ते परवडते, कारण जड काम स्पिनरने आधीच केलेले असते. धुण्याच्या टबातले साबणाचे पाणी आधी पांढऱ्या कपड्यांना, मग रंगीत, मग पायपुसण्यांना वापरता येते. किती वेळ घुसळायचे हे मी पाण्याचा रंग पाहून ठरवते. हे सगळे खरे आहे आणि ते मी कुणालाही पटवून देऊ शकते. तरीही हे पूर्ण उत्तर नाही.

स्पिनरच्या झाकणाखाली एक स्विच असतो. झाकण उचलले की तो मोटरची वीज तोडतो, आणि त्याच हालचालीने तारेमार्फत ब्रेकची पट्टी फिरत्या चाकावर घट्ट बसते. एका पावसाळ्यात तो स्विच बिघडला. तसाच स्विच मिळेना, म्हणून मी त्याच्या दोन्ही तारा एकत्र जोडून टाकल्या. ब्रेकची पट्टीही झिजत आली होती. झाकण उचलल्यावर टोपली बराच वेळ फिरत राहते, हे मला दिसत होते. घरात मशीन मीच वापरते, मला ते ठाऊक आहे, तेवढे पुरे, असे मी धरून चालले. त्या आठवड्यात माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, मदत करावी म्हणून स्वतःहून स्पिनर रिकामा करायला गेली. टायमर संपलेला नव्हता. झाकण उघडले म्हणजे टोपली थांबते, हे तिला मीच लहानपणी शिकवले होते. वर आलेले चादरीचे टोक तिने धरले आणि चादर तिच्या हाताभोवती पिळत गेली. मी बाजूच्या खोलीत होते. मला आधी ऐकू आली ती मशीनची घरघर: एका बाजूला भार आला की ते जसे जमिनीवर सरकू लागते, तसा आवाज. ओरडणे नंतर आले. मी धावत जाऊन प्लग ओढला, पण वीज तुटल्यावरही टोपली लगेच थांबली नाही, आणि तेवढा वेळ मी नुसती उभी होते, कारण हात घालून ती थांबवता येत नाही हे मला माहीत होते. मनगटाचे हाड मोडले. पाच आठवडे प्लास्टर होते.

तेव्हा मी सर्वांना सांगितले की जुन्या मशीनचा स्विच बिघडला होता. तो बिघडला होताच. पण तो बाद मी केला होता, आणि हे वाक्य उच्चारायला मला दोन वर्षे लागली.

त्या काळातली मी आजही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, जे मशीन चार स्क्रू काढून उघडता येते, ज्याचा पट्टा, कपॅसिटर, सील आपल्या हाताने बदलता येते, तेच खरे आपले. मी तिला म्हणते, उघडता येत होते म्हणूनच तू ते बिघडवू शकलीस. ज्यांचे झाकण कुलूपबंद राहते, त्या मशीनमध्ये तुझ्या मुलीचा हात गेला नसता. ती विचारते, मग टाकून का दिले नाहीस? याला माझ्याकडे उत्तर नाही. मुलीने टाकायला सांगितले असते तर त्याच दिवशी टाकले असते, असे मी कधी कधी म्हणते. तिने सांगितले नाही, आणि मीही तिला विचारले नाही.

स्विच आता योग्य तो बसवलेला आहे. महिन्यातून एकदा मी रिकामा स्पिनर पूर्ण वेगाने फिरवते, झाकण उचलते आणि टोपली थांबेपर्यंतचे सेकंद वहीत लिहिते. बरीच वर्षे तो आकडा चारच्या आत होता. गेल्या महिन्यात पाच आला, काल सात. मशीन सध्या उलटे करून ठेवले आहे, ब्रेकची जुनी पट्टी काढली आहे, आणि नवी बसून आकडा खाली येईपर्यंत स्पिनरमध्ये एकही कपडा जाणार नाही. तोवर मी चादरी हाताने पिळते आहे, आणि त्या ओल्या चादरींपुढे छोटा ड्रायर तासन्‌तास चालतो आहे.