नवी बॅटरी, तरी फ्रिज बंद

दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाहून स्टुअर्ट हायवे निघतो तो थेट डार्विनपर्यंत. इथे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करताना कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं राहण्या-झोपण्याचं बिऱ्हाड, घेऊन येणारी गिऱ्हाइकं रोजचीच. पण ते वयस्कर जोडपं मनात राहिलं. आजोबांचं इन्सुलिन ट्रेलरच्या फ्रिजमध्ये, आणि फ्रिज रोज पहाटे बंद. वाटेत एका ठिकाणी ट्रेलरची बॅटरी गेली असं सांगून नवीकोरी १०० अँपिअर-अवरची एजीएम (लेड-ॲसिडचाच एक बंदिस्त प्रकार) त्यांच्या गळ्यात मारलेली. दुखणं जैसे थे.

इन्सुलिन आधी आमच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि कामाला लागलो. इंजिन चालू, गाडीच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट. ट्रेलर सोडवून मागच्या अँडरसन प्लगवर, म्हणजे गाडीतून ट्रेलरची बॅटरी भरायच्या जोडणीवर, मीटर लावला, तिथेही जवळपास तेवढेच. चकवा इथेच बसतो. करंट वाहत नसला की बारीकशी तारसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. प्लग जोडला, १८ अँपिअर वाहू लागले, आणि ट्रेलरच्या बॅटरीवर आकडा दिसला १२.७! एजीएमला पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास तरी हवेत. दिवसभर गाडी चालवूनही ती अर्धपोटीच राहत होती.

आजी म्हणाल्या, "केबल तर सहा एमएमची आहे, जाड!" केबल कापून त्यांना आतलं तांबं दाखवलं. इथे ऑटो केबलचं माप प्लास्टिकच्या आवरणासकट बाहेरच्या व्यासाचं असतं. सहा एमएममध्ये तांबं जेमतेम साडेचार चौरस मिलिमीटर, आणि जाऊन-येऊन अंतर १६ मीटर. जवळपास दीड व्होल्ट वाटेतच गडप.

ती केबल काढून सुमारे १३ चौरस मिलिमीटर तांब्याची टाकली, लग (तारेच्या टोकाची धातूची टोपणं) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबले. २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर ट्रेलरच्या बॅटरीला खेटून बसवला, म्हणजे वाटेत थोडं व्होल्टेज पडलं तरी तो ते वाढवून बॅटरीला हवं तेवढं देतो. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ. दोन्हीकडून करंट येऊ शकतो, एका टोकाला फ्यूज लावून भागत नाही. आधीच्या माणसाने एकही लावला नव्हता, याचा मला फार राग आला. त्या तारा गाडीखालून घासत जात होत्या.

आजोबांनी विचारलं, "मग जुनी बॅटरी?"

बहुधा ठीकच असावी, असं सांगावं लागलं. त्यांचा पुढचा मुक्काम कूबर पेडी, याच हायवेवरचं गाव, साधारण ५४० किलोमीटर, सहा तासांची वाट. पोचेपर्यंत बॅटरी बरीचशी भरेल, म्हटलं, आणि मीटर कुठे लावायचा ते आजींना शिकवलं.