त्या संध्याकाळी हरिपाठ का म्हटला

"भाऊ गेला त्या दिवशीही तुम्ही फोनवर हरिपाठ म्हटलात म्हणे. कसं जमलं?" सप्ताहात, लग्नात, बेळगावच्या बाजारात, कुठंही कुणीतरी हे विचारतं. काहींच्या स्वरात कौतुक असतं, काहींच्या नसतं. मला दोन्ही सोसत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

फोनवरचा हरिपाठ 2020 ला सुरू झाला. त्या वर्षी कोरोनामुळं पायी वारी नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आमच्या देवळालाही कुलूप. दिवेलागणीला म्हातारी माणसं सैरभैर व्हायची. व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हा एका वेळी 8 जणच जोडता यायचे. म्हणून गल्लीत एका घरी फोन, तो खिडकीत स्पीकरवर, बाकीचे आपापल्या दारात. खरं फोनवर आवाज मागेपुढे पोचतो, सगळे एकदम म्हणाले की नुसता कालवा होतो. मग ठरलं, एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी फोन म्यूट करून आपल्या जागी म्हणायचं. म्हणणारी मी. देवळात आपला आवाज बसला तर मागचे उचलून धरतात. फोनवर मागं कुणी ऐकू येत नाही. तिथं एकट्यानं म्हणणं किती जड जातं, ते विचारणाऱ्यांना माहीत नसतं.

मे 2021. दादा बेळगावच्या एका दवाखान्यात वारला. अंत्यविधीला 5 माणसांचीच परवानगी. धाकटी बहीण सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलेली. ती तिकडची शिनोळी ओलांडून आली आणि इकडं कर्नाटकात बाचीजवळ तिला अडवलं, आरटीपीसीआरचा, म्हणजे कोरोना तपासणीचा कागद नव्हता. ज्या रस्त्यानं आमची माणसं एरवी दूध आणि भाजी घेऊन जातात-येतात, त्याच्या कडेला उभी राहून ती मला फोन करत होती. मी म्हणत होते, "थांब, विचारते." विचारायचं कुणाला? ऊन उतरल्यावर ती परत गेली. दादाचं तोंड तिला दिसलं नाही. मलाही कुठं दिसलं, सगळं बांधलेलं होतं.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. खालच्या गल्लीतली मावशी म्हणाली, "अक्का, आज नको. आम्ही नुसतं लाईनवर बसतो." त्यांच्यापैकीही काहींची माणसं तेव्हा दवाखान्यात होती. मी सुरू केलं. श्रद्धेनं म्हणाल तर नाही. त्या घडीला पांडुरंग माझ्या मनात कुठंच नव्हता. गप्प बसले असते तर रस्त्यावरची बहीण कानात बोलत राहिली असती, म्हणून म्हटलं. मधेच कुठंतरी आवाज गेला. पुढचं चरण आठवेना. फोनवर काहीच नाही. मग मावशीनं म्यूट काढून चरण उचललं, भलत्याच चालीत. मग दुसरी गल्ली. मग शेजारच्या कानडी काकू. त्यांना अभंग येत नाहीत, त्या "विठ्ठल विठ्ठल" एवढंच म्हणत राहिल्या. कुणाचा मेळ कुणाला नाही. टाळणार होतो तोच कालवा. मी फोन मांडीवर ठेवून रडत होते, आणि त्यांनी हरिपाठ शेवटपर्यंत नेला.

म्हणूनच "तुम्ही गावाला धीर दिलात" हे ऐकलं की मला राग येतो. कुणी कुणाला दिला, ते वर लिहिलंय.

बहीण मात्र विचारते, "दादा जळत होता आणि तू अभंग म्हणत होतीस?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणते, "तुला लाईनवर माणसं होती. मला रस्त्यावर कोण होतं?" याला माझ्याकडं उत्तर नाही.

2019 च्या पुरात घर पाण्यात गेलेल्या निपाणीकडच्या पाहुण्यांना मी ठणकावून सांगितलं होतं, देव परीक्षा बघतो. त्यानं बळ आलं, असं ते अजून सांगतात. माझ्या तोंडून ते वाक्य आता निघत नाही. तेव्हाची मी बरोबर की आताची, मला ठरवता आलेलं नाही. माळ गळ्यात आहे, एकादशी धरते, आणि पांडुरंगावर रागही आहे.

पुण्याला गेलेल्या आमच्या मुली अजून फोनवर हरिपाठाला येतात. बहीण येत नाही. तिला कुणी आग्रह करू नये, एवढंच माझं मागणं आहे.